काळ्या तोंडाचा मान

मराठीत तोंड काळे होणे ही नामुष्कीची गोष्ट आहे. दख्खनच्या माळावर चरणाऱ्या एका प्राण्याच्या बाबतीत मात्र तोंड काळे होणे म्हणजे मानाला चढणे. त्याचे नावच त्या रंगावरून पडले आहे: काळवीट. खेड्यातला माणूस कळपातल्या तांबूस माद्यांना आणि पोरसवदा नरांना नुसते ‘हरणं’ म्हणतो. काळवीट म्हणजे त्यांच्यातला तो काळा, पिळाच्या शिंगांचा, मान वर करून चालणारा. संस्कृतातले कृष्णसार आणि कृष्णमृग हे शब्दही नराच्या रंगावरूनच आले. माणसाने हा रंग हजारो वर्षे ओळखला, त्यावरून प्राण्याला नाव दिले. पण हा रंग मुळात कुणासाठी आहे, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. खूर असलेल्या काही रानटी प्राण्यांत चेहऱ्यावरचा रंग हा त्यांच्या आपसातल्या व्यवहाराचा भाग असतो. तो मुख्यतः स्वजातीयांना वाचता यावा म्हणून असतो, असे माझे म्हणणे आहे. ते पडताळायला पुणे जिल्ह्यातले सुपे, अहिल्यानगर जिल्ह्यातले रेहेकुरी, सौराष्ट्रातले वेळावदर आणि केरळातले एराविकुलम या चार ठिकाणांची वाट धरावी लागते. ही वाट सरळ नाही आणि पहिल्याच मुक्कामाला माझ्या म्हणण्याविरुद्ध जाणारा पुरावा समोर येतो. म्हणूनच सुरुवात तिथून करणे बरे.

पुण्याहून सासवड, जेजुरी, मोरगाव या वाटेने सुप्याला पोचता येते. मोरगावच्या मयूरेश्वरावरूनच इथल्या अभयारण्याला नाव मिळाले. १९९७ साली घोषित झालेले हे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे. मुरमाड जमीन, हिवर-बोरीची विरळ झाडे आणि पावसाळा सरला की पिवळे पडणारे गवत. इथला मुख्य प्राणी चिंकारा. दुर्बिणीतून त्याचे तोंड पाहिले तर ते रेखीव वाटते. डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकपुडीकडे एक गडद तपकिरी पट्टा उतरतो आणि त्याच्या कडेने पांढरा पट्टा जातो. ही रेघ एखाद्या सामाजिक हुद्द्याची खूण असावी असे पहिल्या नजरेत वाटते, पण पुरावा तसे सांगत नाही. ती नरालाही असते आणि मादीलाही. ऋतूप्रमाणे ती उगवत नाही की मावळत नाही. आणि चिंकारा मोठ्या कळपात राहणारा प्राणीही नव्हे. दोघे-चौघे मिळून चरतात, कित्येकदा एकटाच दिसतो. डोळ्यांवरून जाणारी गडद रेघ डोळ्याचा ठळक गोल मोडून काढते आणि त्यामुळे शत्रूला तोंड पटकन सापडत नाही, किंवा ती उन्हाची तिरीप कमी करते, ही स्पष्टीकरणे इथे अधिक पटण्याजोगी आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या बोंटेबोक या हरणाच्या कपाळापासून नाकापर्यंत चुन्याने रंगवल्यासारखा पांढरा पट्टा असतो, तोही नर-मादी दोघांना. एकेकाळी हा प्राणी इतका कमी उरला होता की १९३१ साली त्याच्यासाठी राष्ट्रीय उद्यान काढले तेव्हा त्यात अवघे १७ प्राणी होते. त्या पट्ट्याचा उपयोग आपली जात ओळखण्यासाठी होत असेल, पण हुद्दा सांगण्यासाठी नाही. ठळक चेहरा दिसला की तो सामाजिक संदेश, असे धरून चालणे म्हणूनच चूक आहे.

मग संदेश कशाला म्हणायचे? मला वाटते, चार गोष्टी एकत्र दिसल्या पाहिजेत. रंग नर-मादीत वेगळा असावा. वयाप्रमाणे तो बदलावा. शरीराच्या स्थितीशी किंवा माजाच्या हंगामाशी त्याचा धागा असावा. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो प्राणी ते तोंड समोरच्याला मुद्दाम दाखवत असावा. पहिल्या तीन गोष्टींवरून ती नुसती खूण ठरते. चौथी जोडली की तिचा संकेत होतो. चुलीतून धूर निघाला की शेजारणीला कळते, चूल पेटली. धूर काही शेजारणीला कळावे म्हणून केलेला नसतो. शेत राखणारा संध्याकाळी कंदील उंच धरून हलवतो तेव्हा मात्र तो कुणाला तरी काही सांगत असतो. चिंकाराची रेघ यातल्या एकाही कसाला उतरत नाही. काळवीट उतरते का, हे पाहायला दौंडला भीमा ओलांडून श्रीगोंद्याच्या अंगाने कर्जत तालुक्यात जावे लागते.

रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० सालचे. क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे सुप्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याशा जागेत कळप मावत नाही, त्यामुळे काळविटे आजूबाजूच्या ज्वारी-हरभऱ्याच्या शेतांत उतरतात. शेतकऱ्याचे नुकसान होते आणि त्याचा राग रास्त असतो. पर्जन्यछायेचा हा प्रदेश. कुसळी आणि मारवेल या गवतांचे तुरे वाऱ्यावर डोलत असतात आणि त्यांच्यावरून नजर दूरवर जाते. ही मोकळी नजर पुढच्या सगळ्या युक्तिवादात महत्त्वाची आहे. कळपाकडे पाहिले की रंगांची एक चढण दिसते. माद्या आणि पाडसे फिकट तांबूस. पहिली दोन वर्षे नराचे पोरही तसेच. शिंगे फुटली नसती तर ते मादीहून वेगळे ओळखू आले नसते. तिसऱ्या वर्षापासून अंगात गडदपणा उतरू लागतो. कुणी खाकी, कुणी तपकिरी, कुणी काजळी लागल्यासारखा. कळपापासून थोडा बाजूला, एका ठराविक तुकड्यावर जो उभा असतो तो पुरता काळा. पोट, हनुवटी आणि डोळ्यांभोवतीचे कडे तेवढे पांढरे शुभ्र.

या पांढऱ्या कड्याकडे थोडे थांबून पाहावे. ते मादीच्या डोळ्यांभोवतीही असते, पाडसाच्याही. पण तांबूस पार्श्वभूमीवर ते जाणवत नाही. मळकट भिंतीवर खडूची रेघ ओढावी तसे. नर वयात आला की पांढऱ्यात काही बदल होत नाही. त्याच्यामागची पाटी काळी होते, आणि तीच रेघ आता लांबून वाचता येते. म्हणजे पांढरी खूण सगळ्या जातीची सामाईक आहे, हुद्दा सांगतो तो तिच्यामागचा काळा रंग. निसर्गाने नवीन अक्षर काढले नाही, जुन्याच अक्षराला उठाव दिला. आणखी एक गोष्ट अमेरिकेतून कळते. टेक्सासच्या कुरणांत विसाव्या शतकात काळविटे नेऊन सोडली, ती तिथे चांगली रुजली. तिथे वसंतात जुने केस झडले की नर बरेच फिकट दिसू लागतात, पण तोंडावरचा आणि पायांवरचा काळेपणा टिकून राहतो. पाठ फिकट होते तरी चेहरा फिका पडत नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. अंगाचा रंग नुसता हवामानासाठी असता तर उन्हाचा मारा ज्या पाठीवर सर्वांत जास्त बसतो तिथला आणि तोंडावरचा रंग एकाच नियमाने बदलायला हवा होता.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. काळा रंग हा नराच्या शरीरातल्या संप्रेरकांचा आनुषंगिक परिणाम असेल, त्याला अर्थ चिकटवायची गरज काय? आक्षेपात तथ्य आहे आणि त्याचा पुरावा जुना आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम १८४१ पासून दोन दशके पाहणाऱ्या एडवर्ड ब्लाइथ यांनी डार्विनला जी माहिती पुरवली, तिच्यात काळवीट आणि नीलगाय या दोघांच्या रंगाची हकीकत आहे. १८७१ च्या मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात डार्विनने ती नोंदवली: दोन्ही जातींत माजाच्या हंगामात नराचा रंग बदलतो, खच्चीकरणाचा या बदलावर परिणाम होतो, आणि पिलांमध्ये नर-मादी रंगावरून वेगळे ओळखू येत नाहीत. म्हणजे काळ्या रंगाची दोरी वृषणांच्या हाती आहे. पण यातून आक्षेप सिद्ध होतो असे मला वाटत नाही, उलट तो दुबळा होतो. संप्रेरकांशी बांधलेला रंगच विश्वासार्ह बातमी देऊ शकतो. ज्या रंगाचा शरीराशी काही संबंध नाही, तो वाचून प्रतिस्पर्ध्याला काय मिळणार? रंग कसा तयार होतो आणि तो कशाच्या उपयोगी पडतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा निकालात निघत नाही.

दुसरा आक्षेप शिंगांचा. काळविटाची शिंगे लांब, पिळाची, कड्याकड्यांची. वय आणि ताकद सांगायला तीच पुरेशी नाहीत का? मला वाटते, नाहीत, आणि त्याचे कारण शिंगांच्या घडणीत आहे. शिंग वाढते, कमी होत नाही. तीन वर्षांपूर्वी धष्टपुष्ट असलेल्या आणि आज आजारी पडलेल्या नराचे शिंग तेवढेच लांब असते. ते जन्मपत्रिकेसारखे आहे, आजची प्रकृती त्यात लिहिलेली नाही. केसांचे तसे नाही. केस त्वचेबाहेर आला की मेलेला असतो, त्याचा रंग नंतर बदलता येत नाही. पण झडून नवा येताना त्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य किती भरायचे हे त्या वेळच्या शरीरावर ठरते. त्यामुळे केसांचा रंग ही गेल्या काही महिन्यांची खतावणी असते. उत्तर भारतातल्या लाल तोंडाच्या माकडांत चेहऱ्याची कातडी उघडी असते आणि रक्तपुरवठ्याप्रमाणे तिची लाली कमी-जास्त होते. ती बातमी ताजी असते. केसाळ तोंडाच्या प्राण्याला ती सोय नाही. त्याची बातमी सावकाश छापली जाते, पण पुष्कळ दिवस वाचता येते. शिवाय अंतराचा प्रश्न आहेच. अर्ध्या किलोमीटरवरून शिंगांची बारीक रेघ गवतात हरवते. काळ्यावर पांढरे मात्र दिसते.

चौथा कस, म्हणजे मुद्दाम दाखवणे, पाहायचा तर रेहेकुरीपेक्षा वेळावदर सोयीचे. भावनगरच्या उत्तरेला, खंभातच्या आखाताजवळ भाल नावाचा सपाट, खारवट प्रदेश आहे. भाल म्हणजे कपाळ. जमीन खरोखरच तशी गुळगुळीत आहे. भावनगरच्या संस्थानिकांचे हे राखीव गवताळ रान होते आणि तिथे पाळलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार होई. महाराष्ट्रात कोल्हापूर संस्थानातही चित्त्यांकडून काळविटे धरण्याचा शौक होता. १९७६ साली वेळावदर राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्र सुमारे ३४ चौरस किलोमीटर. काळविटांखेरीज इथे लांडगे आहेत, तरस आहेत, पावसाळ्यात तणमोर येतो, आणि हिवाळ्याच्या संध्याकाळी भोवत्या ससाणे शेकड्यांनी गवतात उतरतात. पण वेळावदरची खरी नवलाई म्हणजे काळविटांचे आखाडे. एरवी नर आपापला तुकडा राखून असतो. इथे मात्र माजाच्या दिवसांत अनेक नर एकमेकांना लागून छोटे छोटे तुकडे धरतात आणि माद्या तिथे नर निवडायला येतात. त्या तुकड्यांत चाऱ्याची काही रेलचेल नसते. मादी येते ती फक्त नरासाठी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कविता ईश्वरन यांनी देशातल्या निरनिराळ्या ठिकाणच्या काळविटांची तुलना करून २००५ साली दाखवले की नर असे दाटीने कुठे जमतील याचा सर्वांत चांगला अंदाज माद्यांच्या कळपांच्या आकारावरून बांधता येतो. माद्या मोठ्या संख्येने एकत्र, म्हणजे पाहणारे डोळे पुष्कळ. अशा ठिकाणी चेहऱ्याला किंमत येणे साहजिक आहे.

आखाड्यात नर काय करतो हे नीट पाहिले की चौथ्या कसाबद्दल शंका राहू नये. तो मुसंडी मारून धावत जात नाही. आधी तो मान उंचावतो, नाक पुढे आणि वर करतो, शिंगे पाठीला टेकतील इतकी मागे टाकतो, कान खाली पाडतो, शेपटी पाठीवर वळवतो आणि ठाय लयीत पावले टाकत प्रतिस्पर्ध्यापुढून जातो. १९६० च्या दशकात कान्हात काम करणाऱ्या जॉर्ज शेल्लर यांनी आणि पुढे काळविटावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या एम. के. रणजितसिंह यांनीही या ढंगाचे वर्णन केले आहे. शिंगे हे हत्यार. दटावणीच्या या प्रकारात ते मागे जाते आणि पुढे येतो तो चेहरा. काळ्या गळ्यावर पांढरी हनुवटी, काळ्या तोंडात पांढरी कडी, फुगलेल्या अश्रुग्रंथी. शिंगे हाच मुख्य संदेश असता तर ती लपवून तोंड पुढे करण्याचे काय कारण? दोन नर पुष्कळदा असे समांतर चालतात, आणि त्यातला एक वळून निघून जातो. झुंजीही होतात, चांगल्या जोरदार होतात, पण प्रत्येक भेटीची झुंज होत नाही. झाली असती तर आखाडा आठवडाभरही टिकला नसता. वेळावदरला नीलगायही मुबलक आहेत. विदर्भात ज्याला रोही म्हणतात तोच हा प्राणी. त्याच्या गालावर पांढरे ठिपके असतात, पण ते नर-मादी दोघांना. नराचा हुद्दा निळसर करड्या अंगात आहे, चेहऱ्यात नाही. एकाच कुरणात चरणाऱ्या दोन प्राण्यांपैकी एकाने तोंडावर लिहिले आणि दुसऱ्याने अंगावर. प्रत्येक जातीचे वेगळे तपासावे लागते ते यामुळेच.

कुणी म्हणेल, या प्राण्यांना रंग दिसतात तरी का? हा आक्षेप वरवर मोठा वाटतो, पण लवकर निकालात निघतो. खुरांच्या प्राण्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी आपल्यासारख्या तीन प्रकारच्या नसतात, दोन प्रकारच्या असतात. अमेरिकेत १९९४ साली हरणांच्या डोळ्यांचे मोजमाप करून हे दाखवले गेले. लाल आणि हिरवा यांतला भेद त्यांना आपल्याइतका जाणवत नाही. पण काळे आणि पांढरे ओळखायला रंगदृष्टी लागतेच कुठे? उजेड-अंधाराचा फरक पुरतो. खूरवाल्यांच्या तोंडावर मँड्रिल माकडासारखे लाल-निळे रंग नसून काळा, पांढरा आणि तपकिरी यांचाच खेळ असतो, हे त्यांच्या डोळ्यांशी अगदी जुळणारे आहे.

यापेक्षा वजनदार आक्षेप तुलनात्मक अभ्यासांतून येतो. सी. जे. स्टोनर, टिम कॅरो आणि कॅथरीन ग्रॅहम यांनी २००३ साली समखुरी प्राण्यांच्या रंगांची एकत्र छाननी केली, तेव्हा सर्वांत भक्कम आधार मिळाला तो लपण्याच्या कल्पनेला. आजूबाजूच्या परिसराशी मिळताजुळता रंग असणे हे मुख्य सूत्र. झेब्र्याच्या पट्ट्यांविषयी किती रसभरीत सामाजिक कथा रचल्या गेल्या, आणि २०१४ साली कॅरो यांच्याच गटाने जगभरच्या घोडेवर्गीय प्राण्यांची तुलना करून पट्ट्यांचा धागा चावऱ्या माशांशी जोडला. ही शिकवण विसरू नये. पण लपण्याचे सूत्र काळविटाच्या बाबतीत माझ्याच बाजूने साक्ष देते. मादी, पाडस, तरुण नर हे सगळे त्या सूत्राप्रमाणेच वाळल्या गवताच्या रंगाचे आहेत. फक्त एकजण त्या सूत्रातून बाहेर पडतो, तोही वयात आल्यावर. लांडग्यापासून लपण्याची गरज त्यालाही असतेच. मग पिवळ्या गवतात तो डांबराच्या ठिपक्यासारखा का उभा राहतो? ज्या अर्थी हा धोका टिकून आहे, त्या अर्थी त्याच्या बदल्यात मोठा लाभ मिळत असला पाहिजे, आणि तो लाभ इतर काळविटांच्या नजरेतून मिळतो याखेरीज दुसरे समाधानकारक उत्तर मला दिसत नाही. माशांचे म्हणाल तर त्या मादीलाही चावतात.

मग प्रश्न उरतो लबाडीचा. काळे होऊन मान मिळत असेल तर दुबळा नरही काळा का होत नाही? १९७५ साली इस्रायलच्या अमोत्झ झहावी यांनी मांडले की महागडा संकेतच खरा राहतो, कारण दुबळ्याला तो परवडत नाही. काळा रंग उन्हाळ्यात परवडणे सोपे नाही. एप्रिलच्या दुपारी सावली नसलेल्या माळावर काळे अंग घेऊन तुकडा राखायचा म्हणजे काय, हे ज्याने दुपारचा माळ पाहिला आहे त्याला सांगायला नको. सेरेंगेटीच्या सिंहांवर पेटन वेस्ट आणि क्रेग पॅकर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेले काम इथे उपयोगी पडते. गडद आयाळीच्या सिंहांत नर-संप्रेरक अधिक आढळले आणि त्यांना उष्णतेचा त्रासही अधिक होता. नकली सिंह उभे केले तेव्हा माद्या गडद आयाळीकडे वळल्या. दुसरे बंधन समाजाचे आहे. अमेरिकेतल्या हॅरिस चिमण्यांच्या थव्यात गळ्यावरचा काळा डाग वरचढपणा दाखवतो. सिव्हर्ट रोवर यांनी १९७० च्या दशकात दुय्यम चिमण्यांना काळा रंग फासला, तर त्यांचा हुद्दा वाढला नाही, उलट त्यांच्यावर हल्ले वाढले. रंग एक सांगत होता आणि वागणूक दुसरे. रंगासोबत संप्रेरकही टोचले तेव्हा मात्र त्या वर चढल्या. तरुण काळवीट उशिरा काळे होते त्याचा अर्थ मी असाच लावतो. तांबूस अंग हा त्याचा परवाना आहे. तो अंगावर असेतो मोठे नर त्याला जवळपास चरू देतात. आफ्रिकेतल्या हरणांचे अभ्यासक रिचर्ड एस्टिस यांनी १९९१ साली याच गोष्टीची दुसरी बाजू मांडली होती: काही जातींत माद्यांनाच नरासारखी शिंगे आणि खुणा असतात, त्यामुळे वयात येणारे मुलगे कळपात उठून दिसत नाहीत आणि वरचढ नराच्या रागातून वाचतात. दोन्हीकडे मूळ बाब एकच: मोठे नर रंग आणि रूप पाहून वागतात.

तरीही हा सगळा युक्तिवाद एका जातीवर उभा राहिला असता तर तो लंगडा ठरला असता. म्हणून चौथा मुक्काम दूरचा, आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा. कोचीहून अडिमाली, मुन्नार करत चहाच्या मळ्यांतून एराविकुलमला चढावे लागते. १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे ९७ चौरस किलोमीटरचे डोंगरपठार अनामुडीच्या, म्हणजे २,६९५ मीटर उंचीच्या शिखराच्या अंगाखांद्यावर पसरले आहे. वर गवताळ उतार, घळीत शोला जंगले. इथला निलगिरी ताहर हा बोकडाच्या कुळातला. हरणांच्या कुळाशी त्याचे नाते लांबचे आणि महाराष्ट्राच्या सह्याद्रीत तो कुठेच नाही. उद्यानाच्या राजमला या भागात तो माणसांना इतका सरावलेला आहे की त्याचे तोंड नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. मादी राखाडी, तिच्या चेहऱ्यावरच्या खुणा पुसट. नर वयाने वाढत जातो तसा आधी फिकट तपकिरी, मग गडद तपकिरी होतो, आणि पुरता वाढला की त्याच्या पाठीवर रुपेरी खोगीर उमटते. त्याच वेळी चेहरा काळपट होत जातो आणि त्यावर डोळ्यापुढून तोंडाच्या कोपऱ्याकडे उतरणारा पांढुरका पट्टा उठून दिसतो. क्लिफर्ड राइस यांनी इथे दीर्घकाळ निरीक्षण केले तेव्हा नरांचे वर्ग पाडले ते याच रंगांवरून. इथेही तेच घडते: जी खूण मादीत पुसट आहे, ती नरात गडद पार्श्वभूमीमुळे ठळक होते. ताहरांचा माज पावसाळ्यात असतो, म्हणजे डोंगरावर धुके आणि सरी असतात तेव्हा. एरवी वेगळे राहणारे मोठे नर त्या दिवसांत माद्यांच्या कळपांत येतात आणि ज्यांची आधी गाठ पडलेली नाही अशा प्रतिस्पर्ध्यांशी समोरासमोर येतात. अनोळखी माणसात हुद्दा कळायला बिल्ला लागतो. ओळखीच्यात तो लागत नाही. दोन दूरच्या कुळांनी, एकाने उन्हाच्या माळावर आणि दुसऱ्याने धुक्याच्या कड्यावर, एकच उपाय शोधावा हा निव्वळ योगायोग मानणे मला जड जाते. मध्य भारताच्या जंगलात थोराड चितळ नराच्या तोंडावरच्या काळ्या रेषा माद्यांपेक्षा गडद असतात, आणि उत्तर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातल्या प्रॉन्गहॉर्न नराला काळा मुखवटा आणि कानाखाली काळा डाग असतो, जो डाग मादीला नसतो. साक्षीदार वाढतच जातात.

संकेताला वाचणारा लागतो, आणि वाचायला मोकळी नजर लागते. आपण गवताळ माळांना सरकारी कागदांत पडीक म्हणत आलो, आणि पडीक म्हणून तिथे गिरिपुष्प, सुबाभूळ लावत आलो. झाडे लावणे चांगलेच, असे मानणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण माळावर झाडांची भिंत उभी राहिली की काळविटाचा चेहरा पन्नास पावलांच्या पुढे पोचत नाही. वेळावदरला तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. वेडी बाभूळ तिथल्या गवतात घुसत आहे. शिवानी जडेजा, सौम्या प्रसाद, सुहेल कादर आणि कविता ईश्वरन यांनी २०१३ साली दाखवले की काळविटे तिच्या शेंगा खातात, आणि नर आपला तुकडा राखताना ठराविक जागी लेंड्यांचे जे ढीग घालतात, त्यांतून ते बी नेमके आखाड्याच्या जागी पेरले जाते. ज्या मोकळ्या जागेवर त्यांचा सगळा व्यवहार चालतो, ती त्यांच्याच सवयीने झाकली जाण्याचा धोका आहे, आणि ही बाभूळ उपटण्याचे काम माणसालाच करावे लागणार. माळ माळ म्हणून राखावा, त्याचे जंगल करू नये, ही मागणी गवतावर जगणाऱ्या धनगरांची जुनी मागणी आहे. काळविटाच्या बाजूनेही तीच करायला हवी.

जाणार असाल तर रेहेकुरीला हिवाळ्यात, दिवस उजाडताना जा. वेळावदर १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते. एराविकुलम ताहरांच्या विणीसाठी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद ठेवतात. दुर्बीण सोबत असू द्या. कळप दिसला की शिंगे पाहण्याआधी तोंडे पाहा: कोण तांबूस, कोण काजळलेला, कोण पुरता काळा, आणि कोण कुणाला वाट करून देतो.